सही वकिलाची, ओटीपी ज्युनियरच्या मोबाइलवर

पत्र : मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या न्यायालयात पंचवीसहून अधिक वर्षे वकिली करतो आहे. काम मुख्यत्वे दिवाणी, म्हणजे वाटपाचे आणि मनाईचे दावे, काही दरखास्ती (निकालाच्या अंमलबजावणीचे अर्ज), आणि अधूनमधून कौटुंबिक व चेक बाउन्सची प्रकरणे. संगणकाचे सगळे काम टायपिस्ट आणि ज्युनियर पाहत असत. ई-फायलिंगचे, म्हणजे न्यायालयात ऑनलाइन कागद दाखल करण्याचे, माझे खातेही ज्युनियरनेच उघडले आणि त्यावर नंबर स्वतःचाच दिला. तो आता पुण्याला गेला असून दर वेळी ओटीपीसाठी मला त्याला फोन करावा लागतो. नुकतीच वकिलांसाठी तीन महिन्यांच्या ऑनलाइन ‘एआय’ अभ्यासक्रमाची जाहिरात पाहिली. फी अठरा हजार रुपये आणि शेवटी प्रमाणपत्र. आमच्या वकील संघटनेनेही एक दिवसाची कार्यशाळा घेण्याचे ठरवले आहे आणि तिचे विषय सुचवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. असे प्रशिक्षण वकिलांना सक्तीचे आहे का? या वयात मी नेमके काय शिकावे, आणि अठरा हजार भरावेत का?

उत्तर : वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार.

अठरा हजार रुपये तूर्त भरू नका. मात्र खात्यावरचा मोबाइल नंबर याच आठवड्यात बदलून घ्या, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत गंभीर बाब तीच आहे आणि तुम्ही ती ओघात, जणू किरकोळ गैरसोय म्हणून लिहिली आहे. तुमच्या सनदेच्या क्रमांकावर उघडलेल्या खात्यातून जे दाखल होते ते तुम्ही दाखल केले असेच न्यायालय धरणार. त्या खात्याची किल्ली आज अशा माणसाच्या खिशात आहे, जो तुमच्या कार्यालयात नाही, आणि उद्या कदाचित तुमच्याच एखाद्या प्रकरणात विरुद्ध बाजूने वकीलपत्र घेऊन उभा राहील. तो सज्जन आहे याबद्दल मला शंका नाही. पण मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्याचा फोन लागला नाही, तर विलंब माफीच्या अर्जात तुम्ही कारण काय लिहिणार? त्याला एकदा समोर बसवून किंवा फोनवर घेऊन खात्यातील नंबर आणि ईमेल बदला, पासवर्ड नवा ठेवा आणि तो डायरीच्या पहिल्या पानावर लिहू नका. आधारच्या साह्याने ई-स्वाक्षरी करायची असेल तर तिचा ओटीपी तुमच्या आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, तेव्हा तो नंबर चालू आहे ना, हेही पाहून घ्या. अडचण आल्यास न्यायालयाच्या आवारातील ई-सेवा केंद्रात विचारा. ही केंद्रे पक्षकारांइतकीच वकिलांसाठीही आहेत, फक्त तिथे जाऊन विचारण्याचा ज्येष्ठांना संकोच वाटतो.

यातूनच तुमच्या ‘काय शिकावे’ या प्रश्नाचे माझे उत्तर निघते. ज्या कृतीखाली तुमची सही आहे, किंवा ज्या विधानाची जबाबदारी न्यायालयात तुमच्यावर येते, तेवढी कृती तुम्हाला स्वतःच्या हाताने करता आली पाहिजे. बाकीचे टायपिस्टने केले, कारकुनाने केले, तरी बिघडत नाही. स्कॅन केलेली पाने सरळ करणे, त्यांना क्रमांक घालणे, पीडीएफ जोडणे यांत वकिलाने वेळ घालवावा असे मला वाटत नाही. मात्र जोडलेल्या पीडीएफमध्ये कोणते कागद कोणत्या क्रमाने गेले, हे दाखल करण्याचे बटण दाबण्यापूर्वी तुम्ही पाहिलेच पाहिजे.

सक्तीचे म्हणाल तर ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ मध्ये सनद चालू ठेवण्यासाठी ठरावीक तास शिक्षण घेतले पाहिजे अशी अट नाही. अखिल भारतीय बार परीक्षा २०११ पासून सुरू झाली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली. पण ती व्यवसायात शिरतानाची परीक्षा आहे आणि तुमच्या पिढीला ती लागूही नाही. एकदा आत आल्यावर पुढची चाळीस वर्षे वकिलाला कोणी काही विचारत नाही. शेजारच्या डॉक्टरांकडे पाहा: महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचे नूतनीकरण करताना त्यांना दर पाच वर्षांत सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे ३० श्रेयांक दाखवावे लागतात. सनदी लेखापालांनाही त्यांच्या संस्थेने शिक्षणाचे तास बांधून दिले आहेत. अमेरिकेत तर तेथील बार असोसिएशनने २०१२ मध्येच वकिलाच्या सक्षमतेच्या आदर्श नियमावरील टिप्पणीत संबंधित तंत्रज्ञानाचे फायदे आणि धोके यांची जाण अंतर्भूत केली, आणि फ्लोरिडा राज्याने २०१७ पासून प्रत्येक वकिलाला तीन वर्षांत तीन तासांचे तंत्रज्ञानविषयक शिक्षण सक्तीचे केले. आपल्याकडे हे नाही, आणि नाही याचे मला समाधानही नाही. तरीही सक्ती नसल्याचा अर्थ सवलत आहे असा घेऊ नका. न्यायालयांच्या संगणकीकरणाच्या ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी दिली आहे. इतका खर्च करून उभारलेली व्यवस्था कुणाच्या निवृत्तीची वाट पाहत थांबणार नाही.

आता तुमच्या कामात खरोखर जे बदलले आहे त्याकडे येतो, आणि तेथे थोडे रेंगाळतो, कारण जाहिरातीतले अभ्यासक्रम नेमके यावरच धावतपळत जातात. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायचे, जुन्या पुरावा कायद्यातील कलम ६५-बचे प्रमाणपत्र आपण वर्षानुवर्षे एका ठरावीक नमुन्यावर, नावे बदलून देत आलो. नव्या कायद्यातील कलम ६३ ने हा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच छापला आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग इलेक्ट्रॉनिक अभिलेख (चित्रफीत, ध्वनिमुद्रण, फाइल इत्यादी) सादर करणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. आणि पुरावा म्हणून तो अभिलेख जेव्हा जेव्हा सादर होईल, त्या प्रत्येक वेळी प्रमाणपत्र सोबत असले पाहिजे. नमुन्यात उपकरणाचा प्रकार, मेक, मॉडेल, रंग, अनुक्रमांक आणि आयएमईआय (प्रत्येक मोबाइलचा स्वतंत्र ओळख-क्रमांक) विचारला आहे. त्याशिवाय ‘हॅश व्हॅल्यू’ लिहावी लागते आणि ती कोणत्या पद्धतीने काढली, म्हणजे एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ की आणखी कोणत्या, तेही नमूद करावे लागते.

हॅश म्हणजे एखाद्या फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षर-अंकांची ओळ होय. एसएचए-२५६ पद्धतीत ती चौसष्ट चिन्हांची असते. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती पूर्ण बदलते. फाइलचे नुसते नाव बदलले तर मात्र बदलत नाही. ती काढण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. विंडोजच्या संगणकात पॉवरशेल आधीपासूनच असते. त्यात ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा लिहून पुढे फाइलचा पत्ता दिला की ती ओळ समोर येते. एका दुपारी दोन-तीन फाइलींवर हे स्वतः करून पाहा, कारण उलटतपासणीत साक्षीदाराला हॅशबद्दल प्रश्न विचारणारा वकील आज ना उद्या तुमच्यासमोर उभा राहणार आहे, आणि तो प्रश्न विचारणारे तुम्हीच असाल तर अधिक चांगले.

पण हे ज्ञान खरे उपयोगी पडते ते त्याआधी, पक्षकार पहिल्यांदा कार्यालयात येतो तेव्हा. समजा, बांधावरच्या भांडणात दिलेल्या धमकीचे चित्रीकरण तुमच्या पक्षकाराच्या मोबाइलमध्ये आहे. तो काय करतो? ते तुमच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो, ‘वकीलसाहेबांकडे दिले’ म्हणून निश्चिंत होतो, आणि जागा अडते म्हणून मूळ चित्रफीत पुसून टाकतो. दिवाळीला तो मोबाइलही देऊन नवा घेतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेली छायाचित्रे आणि चित्रफिती आकाराने लहान करून पाठवल्या जातात, म्हणजे तुमच्याकडे आलेली फाइल ही मूळ फाइल नसतेच आणि तिची हॅशही जुळत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत सांगायचे की मूळ फाइल पुसू नये, मोबाइल विकू नये, दुरुस्तीला देण्यापूर्वी विचारावे, आणि प्रत पाठवायचीच असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. त्याच भेटीत मोबाइलवर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक लिहून घ्यावा. समोरच्या दुकानातील सीसीटीव्हीवर विसंबायचे असेल तर त्याच दिवशी दुकानदाराला लेखी कळवावे, गरज वाटल्यास न्यायालयाकडे अर्ज करावा, कारण त्या यंत्रातील जुने चित्रीकरण काही दिवसांनी नव्याखाली आपोआप पुसले जाते.

या विषयावरचा पायाभूत निकाल आपल्या जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणावर येऊन ठेपला. प्रमाणपत्र मागूनही ते मिळाले नाही. या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी ठरवले की दुय्यम इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी, म्हणजे मूळ उपकरणाऐवजी त्यातील मजकुराची प्रत सादर करताना, प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्षीने ती उणीव भरून निघत नाही. मात्र ज्याने ते मिळवण्यासाठी आपल्या हातातील सर्व प्रयत्न केले आणि तरीही ते मिळाले नाही, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्टीची अपेक्षा करत नाही. निकाल जुन्या कलमावरचा असला तरी त्यातील कारणमीमांसा वाचल्याशिवाय नवे कलम नीट कळणार नाही. तो पूर्ण वाचा, सारांश वाचू नका. प्रयत्न केल्याचे कागदोपत्री दाखवता आले पाहिजे, हा त्यातला तालुक्याच्या वकिलासाठी सर्वांत कामाचा भाग आहे, आणि सारांशात नेमका तोच गळतो.

फौजदारी कामही तुमच्याकडे थोडे येते, म्हणून एवढेच नोंदवतो की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण आता करावे लागते. पंचनाम्याच्या प्रतीवर समाधान न मानता ते चित्रीकरण मागून घेणे, ते पूर्ण पाहणे आणि पंचनाम्याशी ताडणे हे बचाव पक्षाच्या वकिलाचे काम झाले आहे.

एआयबद्दल तुमच्या मनात उत्सुकता आणि धास्ती दोन्ही दिसतात. दोन्ही रास्त आहेत. ही साधने पत्राचा मसुदा सुधारतात, लांबलचक दस्तऐवजाचा गोषवारा काढतात, उलटतपासणीसाठी मुद्दे सुचवतात; आणि न झालेला निवाडा पक्षकारांच्या नावांसह, उताऱ्यांसह, अत्यंत आत्मविश्वासाने रचूनही देतात. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात माटा विरुद्ध एव्हियांका या प्रकरणात वकिलांनी असे सहा निवाडे दाखल केले आणि जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. त्यातील एका वकिलाने ‘हे निवाडे खरे आहेत ना?’ असे त्याच यंत्राला विचारले होते आणि यंत्राने होकार दिला होता! खोट्या साक्षीदाराची खात्री त्याच्याकडूनच करून घेण्याचा हा प्रकार झाला. हे फक्त तिकडेच घडते असेही नाही. २०२५ मध्ये अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांवर आधारलेला प्राप्तिकर आकारणीचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला, आणि तेथे चूक वकिलाची नसून खुद्द आकारणी करणाऱ्यांची होती.

उपाय साधा आहे, पण त्याला फाटा देता येत नाही. निवाडा कोठूनही कळला, ज्युनियरकडून, एआयकडून किंवा बाररूममधल्या ज्येष्ठाकडून, तरी तो न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर उघडायचा आणि ज्या परिच्छेदावर विसंबायचे तो स्वतः वाचायचा. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे जानेवारी २०२३ पासून ई-एससीआर या त्याच्याच ऑनलाइन निवाडे-संग्रहावर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्याच वर्षापासून सर्वोच्च न्यायालयाने तटस्थ उद्धरण-क्रमांकांची, म्हणजे कोणत्याही खासगी अहवालावर अवलंबून नसलेल्या क्रमांकांची, पद्धत सुरू केली असून त्यात वर्ष, ‘आयएनएससी’ ही अक्षरे आणि निवाड्याचा क्रमांक असतो. हा क्रमांक टाकून निवाडा सापडला नाही तर तो उद्धृत करू नये. महागडे अहवाल विकत घेऊ न शकणाऱ्या तालुक्याच्या वकिलाला इतकी चांगली सोय यापूर्वी कधीच नव्हती, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ती अजून उघडूनही पाहिलेली नाही.

गुप्ततेची बाब मात्र याहून नाजूक आहे. पक्षकाराने वकिलाला सांगितलेले उघड न करण्याचे बंधन साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. घटस्फोटाच्या अर्जाचा कच्चा मजकूर, नावे, पत्ते, मुलांची शाळा, सासरच्या माणसांवरचे आरोप, हे सारे जसेच्या तसे एखाद्या फुकट एआय साधनात चिकटवले की ती माहिती परक्या कंपनीच्या संगणकावर गेली, आणि तिचे पुढे काय होते यावर तुमचा ताबा राहिला नाही. माझे मत कडक आहे: कौटुंबिक, लैंगिक अत्याचाराच्या आणि बालकांच्या प्रकरणांतील काहीही तेथे टाकू नये. इतर कामात टाकायचेच झाले तर नावे, गट क्रमांक, खाते क्रमांक काढून टाकावेत. टायपिस्टलाही हे स्पष्ट सांगा, कारण असे मजकूर बहुधा तोच तेथे चिकटवत असतो आणि साहेबांना त्याची वार्ताही नसते.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाले आणि सांगली जिल्हा त्याखाली आला. अपिलासाठी मुंबईला पाठवलेली प्रकरणे आता तुम्ही स्वतः चालवू शकाल, आणि त्यामुळे मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर हे काम तुमच्या कार्यालयात वाढेल. यंत्राने केलेले भाषांतर पहिला मसुदा म्हणून वापरा. परंतु ‘पोटखराबा’, ‘इतर हक्क’, ‘सामाईक’, ‘नजरगहाण’ असे शब्द आले की थांबा आणि मूळ उताऱ्याशी ताडून पाहा. हक्काचे प्रकरण अशाच एका शब्दावर उलटते. भाषांतर सत्य आहे अशी खूण करताना खाली सही तुमची असेल.

भाषेचाच आणखी एक व्यवहारी मुद्दा आहे. तुमचा टायपिस्ट बहुधा श्रीलिपी किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये दावे टाइप करत असेल. कागदावर ते सुंदर दिसतात, पण त्यातील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांची खिचडी होते आणि शब्द शोधता येत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेला दावा कोठेही उघडतो, शोधता येतो, वर्षभराने त्यातला परिच्छेद दुसऱ्या कैफियतीत सहज घेता येतो. टायपिस्टला युनिकोडसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक शिकायला महिनाभर द्या आणि त्या महिन्यात काम हळू झाले तरी ओरडू नका. मोबाइलवर मराठीत बोलून टाइप करण्याची सोयही तुम्ही स्वतः वापरून पाहा; युक्तिवादाचे मुद्दे टिपायला ती फार चांगली आहे, दावा सांगायला नाही.

आता त्या अठरा हजारांकडे पुन्हा. अभ्यासक्रम चालवणाऱ्यांना विचारा की ते महाराष्ट्रातील न्यायालयांचे ई-फायलिंग प्रत्यक्ष करून दाखवतात का, कलम ६३ चा नमुना तुमच्याकडून भरून घेऊन तपासतात का, आणि शिकवणाऱ्याने गेल्या वर्षभरात एखादा इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात शाबीत केला आहे का. तिन्ही उत्तरे होकारार्थी आली तर मत बदलायला मी तयार आहे. ते प्रमाणपत्र भिंतीवर शोभेल, पण न्यायालयात त्याला काही किंमत नाही. न्यायालयांच्या संगणकीकरणाचे काम पाहणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीची प्रशिक्षणे, मार्गदर्शिका आणि चित्रफिती विनामूल्य आहेत, आणि ही प्रशिक्षणे वकिलांबरोबर त्यांच्या कारकुनांसाठीही घेतली जातात. आधी ते संपवा.

कार्यशाळेबाबत तुमच्या हाती मोठी संधी आहे, फक्त ती उद्घाटनात घालवू नका. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन आणि सहा भाषणे झाल्यावर दीड वाजता ‘विषयाकडे वळू या’ म्हणणाऱ्या कार्यशाळा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. सत्कार चहाच्या वेळेत उरका. सकाळी प्रत्येक सभासदाने स्वतःच्या मोबाइलवरून स्वतःच्या खात्यात शिरून एक चाचणीचा अर्ज दाखल करण्याच्या टप्प्यापर्यंत न्यावा. निम्म्या सभासदांचे खाते दुसऱ्याच्या नंबरवर आहे हे तेव्हाच उघड होईल, म्हणून ई-सेवा केंद्रातील कर्मचाऱ्यांना प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या परवानगीने त्या वेळी बोलावून ठेवा. दुपारचा सगळा वेळ कलम ६३ ला द्या आणि नमुन्याच्या कोऱ्या प्रती वाटा. प्रत्येकाने आपल्याच मोबाइलमधील एका चित्रफितीचे प्रमाणपत्र भरावे आणि शेजारच्या सभासदाने त्यावर उलटतपासणी घ्यावी. एआयला शेवटचा पाऊण तास पुरे. कारकून आणि टायपिस्ट यांना मागच्या खुर्च्यांवर नव्हे, आपापल्या वकिलाच्या शेजारी बसवा. तुमच्या जुन्या ज्युनियरला त्या दिवशी पुण्याहून येता आले तर सकाळचे सत्र त्याच्याकडेच सोपवा. तुमचे खाते त्यानेच उघडले आहे, तेव्हा कोठे अडते हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसेल, आणि तुमचा नंबर बदलण्याचे कामही, तोवर राहिलेच असेल तर, त्याच्या हातून तिथेच होऊन जाईल.